अकरावी ओळ रिकामी का आहे

अन्याय सुनंदावर झाला. सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये, नववीच्या बीजगणिताच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. वेळ पक्की ठाऊक आहे. कारखान्याच्या दारातल्या हजेरीच्या घड्याळात तिने शेवटचं कार्ड घातलं तेव्हा मी तिच्या मागेच उभा होतो. तिला कामावरून काढलं आणि दाखल्यावर कारण लिहिलं, 'तपासणीत निष्काळजीपणा.' ते खोटं आहे. आजही तो दाखला तिच्याकडे तसाच आहे, आणि तो बघून नगरच्या एमआयडीसीतला एकही कारखाना तिला दारात उभं करत नाही.

पण मी लिहायला बसलो ते सरांवर. सरांबद्दल काहीही आठवायला गेलं की सुनंदा आधी येते, हे माझं जुनं दुखणं आहे. सर होते तेव्हाही असंच व्हायचं.

सर भिंगारचे. लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आणि एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात आले. आले तेही वर्कशॉपातला खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालूनच, आणि पुढची सगळी वर्षं तोच घातला. त्यांच्या सायकलच्या दांड्याला पुठ्ठ्याची एक पाटी दोऱ्याने बांधलेली असायची. 'ठाऊक असलेले दोष : मागचा ब्रेक पावसात लागत नाही. डावी घंटा वाजत नाही.' सायकल कोणी मागितली तर आधी पाटी मोठ्याने वाचायला लावायचे. घराच्या फाटकावरही पाटी होती. 'कडी उलटी लागते. कुत्रा नाही.' वाढदिवसाला ते स्वतःचं पत्रक काढायचे आणि कारखान्यातल्या फळ्यावर टाचणीने लावायचे. एका वर्षीचं मला पाठ आहे : 'आवृत्ती एकसष्ट. बदल : एक दाढ काढली. ठाऊक असलेले दोष : डावा कान. तापटपणा. बहिणीच्या पत्राला उत्तर न देणे (जुना दोष, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत).'

आमचा कारखाना विजेवर चालणारी कुलपं बनवायचा. शाळांमधल्या प्रश्नपत्रिकांच्या कपाटांसाठी. आम्ही त्याला 'डबा' म्हणायचो. ठरलेली वेळ झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि वेळ झाल्यावरही मुख्याध्यापकांनी त्यांचा आकडा आणि कारकुनाने त्याचा आकडा दाबला तरच उघडायचा. डब्याचं डोकं म्हणजे बोटाएवढी एक चिप. तिच्यात सरांनी लिहिलेला प्रोग्राम. प्रोग्राम भरून झाला की एक शेवटचा हुकूम द्यायचा, की चिप आतून कायमची बंद. मग आतलं कोणालाच वाचता येत नाही. चोराला नाही, मालकाला नाही, खुद्द सरांनाही नाही.

म्हणून सरांचा हट्ट होता कागदाचा. प्रोग्रामात सुधारणा केली की नवी आवृत्ती निघायची. आमचा माणूस एस्टीने शाळाशाळांत जाऊन जुनी चिप काढून नवी बसवायचा, आणि तिच्याबरोबर एक पत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. वर 'बदल'. खाली 'ठाऊक असलेले दोष'. दुनियेतला कुठला कारखानदार आपल्या मालाचे दोष छापून मालाला चिकटवतो? मालक कपाळावर हात मारून घ्यायचे.

"अहो सर, गिऱ्हाईक पळेल!"

"गिऱ्हाईकाला आतलं बघता येत नाही, साहेब. मग आपण नको सांगायला?"

चिपला कुलूप घालण्याआधी सर उभे राहायचे, चष्मा काढायचे आणि खोलीतल्या सगळ्यांना विचारायचे, "कोणाची हरकत असेल तर आता बोला." तीनदा विचारायचे. त्यांच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की आधीच्या तीन रविवारी असं जाहीर विचारतात म्हणे. सर तीन रविवार दोन मिनिटांत उरकायचे, पण प्रत्येक वेळी थांबायचे मात्र खरे. त्या थांबण्यात एकदा पॅकिंगवाल्या मामांनीसुद्धा हरकत घेतली होती, की डब्याची हिरवी बत्ती उन्हात दिसतच नाही. सरांनी कुलूप थांबवलं आणि ते दोषांत लिहून घेतलं.

मला त्यांनी कसं धरलं ते सांगतो. मी केडगावचा. वस्तीच्या नळासाठी, एस्टीच्या थांब्यासाठी, कोणाला बिनचौकशी डांबलं तर त्याच्यासाठी पत्रकं लिहायचो. स्वतः टाइप करायचो, स्वतः सायक्लोस्टाइल करायचो, स्वतः वाटायचो. माझं एक पत्रक सरांना माळीवाड्याच्या स्टँडवर मिळालं. दुसऱ्या दिवशी सायकल मारत ते पत्रक परत करायला घरी आले. त्यावर लाल पेन्सिलीने चौदा शब्दांखाली रेघा.

"ही सगळी विशेषणं," ते म्हणाले. "यात मागणी कुठाय?"

"शेवटी आहे की."

"शेवटी धिक्कार आहे. धिक्कार वाचून माणूस चहा प्यायला जातो. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याच्या हाताला काम पाहिजे." मग म्हणाले, "सोमवारी कारखान्यात या. आमची पत्रकं लिहायला माणूस नाही."

मी भाळलो. खोटं कशाला बोलू? घरात, चळवळीत, कोणी माझं लिखाण एवढ्या बारकाईने वाचलं नव्हतं. सोमवारी गेलो आणि त्यांनी माझं नाव 'पत्रकवाले' ठेवलं. मला वाटलं, आता ही लाल पेन्सिल एक दिवस माझ्या खिशात येणार.

सहा महिन्यांनी सुनंदा आली.

मिरजगावची. हायवेला तिच्या वडलांचं पंक्चरचं दुकान. नगरच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेली आणि बोलणं अजून गावचं. तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिच्याआधीचे लोक डबा तपासायचे तो बटण बंद-चालू करून. तिने पहिल्याच आठवड्यात बटण सोडून दिलं आणि प्लगच अर्धा बाहेर ओढून हलवायला लागली.

"काय करताय?" मी विचारलं.

"लाईट घालवते."

"बटण कशाला ठेवलंय मग?"

"बटनावानी लाईट तुमच्या शहरात जाती. आमच्याकडं ती आधी दोनदा लुकलुकती, मग जाती. डबे कुठं लावनार हायेत? शहरात का गावात?"

सर टेबलामागे उभे होते. टाळी वाजवली त्यांनी. माझ्यासाठी कधी वाजवली नव्हती. त्या दिवशी तिने जो दोष काढला, तो तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिला : 'लाईट लुकलुकली की डब्याचं घड्याळ दोन मिनिटं मागं पडतं.' मी त्याचं व्यवस्थित केलं. विद्युत्पुरवठ्यातील अनियमितता, कालमापन वगैरे. सरांनी माझा कागद बाजूला सारला. "हिचं छापा. जसंच्या तसं." आणि खिशातली लाल पेन्सिल काढून तिला दिली. "सुनंदाबाई, आता दोषांखाली रेघा तुम्ही मारायच्या."

मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. एका पेन्सिलीपायी. हसा. पण ज्याने असल्या माणसाच्या एका 'बरंय'साठी सहा महिने वाट बघितली असेल त्याने हसू नये.

त्यानंतर मी मोजायला लागलो. सर तिला 'अहो बाई' म्हणतात, मला 'पत्रकवाले'. तिच्या टेबलाशी चहा घेतात, माझ्या टेबलाशी कप ठेवून जातात. तिच्या गावाला यात्रा असली तर विचारतात, माझ्या मोर्चाला किती माणसं होती ते नाही. मोर्चात मी समतेवर भाषणं ठोकत होतो आणि कारखान्यात एका पंक्चरवाल्याच्या पोरीला सरांनी माझ्यापेक्षा अर्धा चमचा जास्त साखर घातली का, याकडे बघत होतो.

शनिवारी संध्याकाळी सुट्टीआधी चहा असायचा आणि त्या चहाला प्रत्येकाने उभं राहून आठवड्यातला आपला एक दोष सांगायचा. आपलाच. सर सुरुवात करायचे. "सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून गेलो." मामा म्हणायचे, "दोन खोकी उलटी बांधली." एकदा मी उठून म्हणालो, "सुनंदाबाईंनी तपासणीच्या कार्डावर तारीख घातली नाही."

सर म्हणाले, "बसा. ती चहाडी झाली. दोष आपला असेल तर सांगायचा."

सुनंदा हसली नाही, तेही मला लागलं. हसली असती तर रागवायला बरं पडलं असतं.

आता चौथ्या आवृत्तीकडे येतो. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि आठ दिवस नव्हते. चिप तयार होती, तपासणी चालू होती. पत्रक मी टाइप करायचं होतं. मालकांनी बजावलं, "एका पानात बसवा. दोन पानी कबुलीजबाब नको." दहा दोषांत पान भरलं. अकरावा सुनंदाने आणून दिला, चिठ्ठीवर, लाल रेघ मारून :

'आकडा दाबताना लाईट दोनदा लुकलुकली तर डबा चुकीचा आकडा दाबला असं धरतो. असं तीनदा झालं की दोन तास उघडत नाही. मागची बॅटरी काढून पाच मिनिटं थांबावं. मग उघडतो.'

"सर असते तर कुलूप थांबवलं असतं त्यांनी," ती म्हणाली. "परीक्षा तोंडावर हाय, मालक थांबत न्हाईत. निदान ह्यो कागद तरी बरूबर लावा. मी उद्या गावाला चाललेय, धाकटीला बघाय पावनं यायचेत. ध्यानात ठेवाल न्हवं?"

"ठेवतो."

मी ती ओळ टाइप केली. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर, स्टेन्सिलवर, अक्षरं टोचली गेली. मग वाचली. कुठलंही विशेषण नाही. शेवटी वाचणाऱ्याच्या हाताला काम. सरांनी जे मला वर्षभर शिकवलं, ते हिला जन्मतःच येत होतं. सर परत येणार, हे ऐकणार, आणि पुन्हा टाळी वाजवणार.

स्टेन्सिलवर चूक झाली की नखांना लावतात तसलं लाल औषध ब्रशने फासतात. तेवढी जागा मग छापली जात नाही. मी ते फासलं. पानात जागा नव्हती, हे कारण तयार होतंच. जागा करायची असती तर हिरव्या बत्तीची ओळ काढता आली असती. बत्ती अंधुक दिसली म्हणून कोणाचं काही अडत नाही. मी बत्ती ठेवली आणि सुनंदा काढली.

दुसऱ्या दिवशी, सुनंदा गावाला निघून गेल्यावर, सर अचानक आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. वाचता येत नव्हतं म्हणून मला म्हणाले, वाचून दाखवा. मी बदल वाचले, दहा दोष वाचले.

"दहाच?" सर हसले. "या खेपेला चिप शहाणी झाली की काय?" मग उभे राहिले, पट्टीतून आमच्याकडे बघितल्यासारखं केलं आणि तीनदा विचारलं, "कोणाची हरकत असेल तर आता बोला."

तीन वेळा ते थांबले. तीन वेळा मी हातातल्या कागदाकडे बघत उभा राहिलो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. एका संस्थेच्या शाळेत, नाव घेत नाही, नववीच्या बीजगणिताच्या पेपरला मुख्याध्यापकांनी आकडा दाबला, कारकुनाने दाबला, दिवे लुकलुकले. पुन्हा दाबला, पुन्हा लुकलुकले. तिसऱ्यांदा डबा बंद. पोरं व्हरांड्यात पुठ्ठे घेऊन बसलेली. दारावर आमचं पत्रक होतं, ते त्यांनी दोनदा वाचलं. त्यात बत्तीचं होतं, बॅटरीचं नव्हतं. शेवटी गॅस कटरवाला बोलावला. त्याने कपाट कापलं आणि प्रश्नपत्रिकांच्या कडा करपल्या. पेपर पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचे सेक्रेटरी जीपमधून कपाटाचं कापलेलं दार घेऊन आले आणि ते मालकांच्या टेबलावरच आडवं टाकलं.

"हे तुमचं कुलूप! चोरानं उघडलं नसतं ते ठीक, पण आम्हालाही उघडू नये? तपासलं कोणी हे?"

तपासणीच्या कार्डावर सही सुनंदाची. सर काळा चष्मा लावून बसले होते. म्हणाले, "प्रोग्राम माझा आहे. दोष माझा लिहा." पण सरांना काढून कसं चालेल? चिप बंद, आतलं फक्त त्यांच्या डोक्यात. सेक्रेटरींना कोणाला तरी काढलेलं दाखवायचं होतं.

"मी काढला हुता ह्यो दोष," सुनंदा म्हणाली. "चिठ्ठी दिल्ती."

"कोणाला?" मालकांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. काळा चष्मासुद्धा माझ्याकडे वळला.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

"व्हय का?" सुनंदा म्हणाली. "मोर्चात तर समद्यांचं समदं आठवतं तुमाला."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. दाखला घेतला, डबा-पिशवी उचलली. दाराकडे जाताना माझ्या टेबलापाशी थांबली आणि लाल पेन्सिल माझ्या पॅडवर ठेवली. "घ्या. तुमाला पायजे हुती न्हवं?"

मी तिच्या मागे दारापर्यंत गेलो. तिने कार्ड घातलं, घड्याळ वाजलं. दहा वीस.

पंधरा दिवसांनी सरांना नवा चष्मा मिळाला. पहिलं काम त्यांनी काय केलं असेल? फाइलमधून चौथ्या आवृत्तीचं स्टेन्सिल काढलं आणि खिडकीशी जाऊन उजेडावर धरलं. लाल औषधाचा पट्टा उजेडात स्वच्छ दिसतो. खाली टोचलेली अक्षरंही दिसतात. मी टाइपरायटरपाशी होतो. सर बराच वेळ वाचत राहिले. शिव्या देतील, मारतील, काहीतरी करतील असं वाटलं. त्यांनी स्टेन्सिल परत फाइलमध्ये घातलं आणि म्हणाले, "पत्रकवाले, पुढच्या आवृत्तीत अकरावी ओळ रिकामी सोडा. नुसता आकडा घाला."

पाचव्या आवृत्तीत तो बिघाड दुरुस्त झाला. 'बदल' खाली तसं छापलंही. पण 'ठाऊक असलेले दोष' या मथळ्याखाली अकरा आकडा आणि पुढे कोरं. सहाव्यातही. सातव्यातही. मालक चिडायचे. "सर, हे काय आहे? दहा दोष, मग रिकामी ओळ!"

"तो दोष ठाऊक आहे, साहेब. दुरुस्त झालेला नाही. ज्याचा आहे तो लिहील."

शनिवारच्या चहाला मी उभा राहून म्हणायचो, "या आठवड्यात दोन शब्दांची अदलाबदल केली." सर विचारायचे, "आणि?" मी म्हणायचो, "एवढंच." ते म्हणायचे, "बरंय."

तो 'बरंय' शेवटी मला मिळाला. असा.

आणि दर रविवारी, चर्च सुटलं की सर जेवणाच्या डब्यात नव्या चिपा घालून एस्टीने मिरजगावला जायचे. पंक्चरच्या दुकानात, टायरींच्या ढिगाशेजारी, सुनंदा प्लग अर्धा ओढून त्या तपासायची. हे मला मामांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? लाज वाटली असं लिहिलं तर शोभेल. पण वाटलं ते असं : हाकलून दिल्यावरही तीच.

सरांवरही माझा आरोप आहे, तो इथेच करतो. त्यांना ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर सुनंदाचा दाखला त्याच दिवशी फाटला असता. दुसऱ्याचा दोष सांगायचा नाही हे त्यांचं व्रत, आणि उपवास घडला सुनंदाला. एवढा सरळ माणूस, पण माझ्या तोंडून निघण्याची वाट बघत दीड वर्ष एका पोरीला टायरींत बसवून ठेवलं. सायकलच्या पाटीवर हा दोष कधी लिहिला नाही त्यांनी. मी लिहितो.

गेल्या डिसेंबरात सर गेले. भिंगारच्या दफनभूमीत माती देताना सुनंदा समोर उभी होती. पिशवीतून सरांचं सोल्डरिंग आयर्न डोकावत होतं. त्यांच्या बहिणीने तिला दिलेलं. तिथेही माझी नजर आधी त्या आयर्नवर गेली, मग पेटीवर. आता सुनंदा वडलांच्या दुकानाच्या कोपऱ्यात रेडिओ आणि पंखे दुरुस्त करते.

फाटकाबाहेर मी तिला गाठलं. "तुम्ही कधी कोणाला सांगितलं का नाही?"

"काय?"

"माझं."

"मी कशापायी सांगू? माजा दोष हाय का त्यो?" तिने पिशवी खांद्यावर घेतली. "म्हातारा दर ऐतवारी नवा कागद आनून दावायचा. म्हनायचा, बाई, अजून रिकामीच. शेवटच्या ऐतवारी बी तेच म्हनला."

गाडी आली. ती गेली.

तर सर, उठून उभा राहतोय. आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हाला धिक्कार वाचून चहा प्यायला जायचं नाही. तुम्ही शिक्षक असाल, कारकून असाल, शिपाई असाल, तुमच्या शाळेत प्रश्नपत्रिकांचं कपाट असेल तर ते उघडा. दाराच्या आतल्या बाजूला आमचं पत्रक चिकटवलेलं आहे. अकराव्या आकड्यापुढे पेनने हे लिहा :

'चौथ्या आवृत्तीतला बिघाड सुनंदाने आधीच काढून लेखी दिला होता. पत्रक लिहिणाऱ्याने मत्सरापायी तो खोडला. तिच्या दाखल्यावरचं कारण खोटं आहे.'

खाली तुमची सही करा. त्याची एक नक्कल आमच्या मालकांना पाठवा, पत्ता त्याच पत्रकाच्या तळाला आहे, आणि नवा दाखला मागा. माझी नक्कल आज सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवून आलोय, बरोबर ते स्टेन्सिलही. ते म्हणाले, एकट्याच्या सांगण्यावर दाखला बदलत नसतो.

कपाट उघडा.